तिसऱ्यांदा तडकलेला दांडा : होडीच्या ट्रेलरचं एक प्रकरण

ट्रेलर धुताना दांड्याच्या खालून हात फिरवला आणि बोटाला धार लागली. दांडा म्हणजे गाडीच्या हुकापासून ट्रेलरच्या चौकटीपर्यंत जाणारा मधला चौकोनी पाईप. तो जिथे पुढच्या आडव्या पाईपाखाली शिरतो, नेमका तिथे खालच्या अंगाला रंगातून गंजाचा ओघळ उतरला होता. वायर ब्रश मारल्यावर ओघळाखाली तडा दिसला.

याच जागचा हा तिसरा तडा. पहिला आधीच्या मालकाच्या काळातला. त्याने वरून वेल्डिंगचा थर चढवून तो बुजवला होता. दुसरा माझ्याकडे आल्यावरचा. दोन वर्षांपूर्वी मी तोच जुना थर ग्राइंडरने घासला, त्यावर नवा थर ओढला, रंग दिला आणि काम झालं असं समजून होडी जोडली. ही नोंद तिसऱ्या तड्याच्या वेळी काय केलं त्याची आहे. ती सविस्तर लिहितो आहे, कारण घरच्या वर्कशॉपमध्ये ट्रेलर दुरुस्त करणारे बरेच जण माझ्यासारखेच थेट तडा बुजवायला घेतात. हा सांधा चालत्या गाडीमागे सुटला, तर पाऊण टनाचं ओझं रस्त्यावर मोकळं सुटतं.

ट्रेलर, होडी आणि एक बदल

होडी फायबरची, ४.९ मीटर लांब. ट्रेलर एका एक्सलचा, पाट्यांच्या स्प्रिंगवर चालणारा. बाजूचे लांब पाईप आणि आडवे पाईप जस्त चढवलेले आहेत. मधला दांडा मात्र आधी कधीतरी बदललेला, नुसता रंगवलेला ६० × ६० मि.मी.चा, ३ मि.मी. जाडीचा पाईप.

होडीवर आधी ४० अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक इंजिन होतं, साधारण ७५ किलोचं. तीन वर्षांपूर्वी ते उतरवून ६० अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक बसवलं. त्याचं वजन ११२ किलो. म्हणजे होडीच्या अगदी शेवटच्या फळीवर ३७ किलो वाढले. त्या दिवशी मी नटबोल्ट, केबल, प्रोपेलर सगळं तपासलं. ट्रेलरचा विचार मनात आला नाही.

त्यानंतर दोन गोष्टी सुरू झाल्या. गाडीने ताशी ६५ किलोमीटरचा वेग ओलांडला की ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे हलायचा. आणि खडबडीत रस्त्यावर हुकापाशी खट्‌खट् आवाज यायचा. पहिल्याचा दोष मी टायरमधल्या हवेला दिला. दुसऱ्यासाठी कपलरची, म्हणजे हुकाच्या गोळ्यावर बसणाऱ्या दांड्याच्या तोंडाची, पकड घट्ट केली. पुढे वर्षभरात दांडा तडकला. या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल, हे तिसऱ्या तड्यापर्यंत माझ्या लक्षात आलं नाही.

तडा वाचताना

या वेळी ग्राइंडर हातात घेण्याआधी तडा नीट पाहायचं ठरवलं. तडे शोधण्यासाठी लाल द्रव आणि पांढरी पावडर असा फवाऱ्यांचा संच मिळतो. जागा रंग काढून स्वच्छ करायची, लाल द्रव मारून दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचा, वरचा पुसून घ्यायचा आणि पांढरा थर मारायचा. तड्यात शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. डोळ्यांना दिसणारा तडा ३५ मि.मी.चा होता. लाल रेघ मात्र पाईपाच्या खालच्या पूर्ण रुंदीभर गेली होती आणि दोन्ही बाजूंना वर १५-१५ मि.मी. चढली होती.

लांबीपेक्षा तड्याची जागा जास्त बोलकी होती. तडा वेल्डच्या मधून गेला नव्हता. जिथे वेल्डचा थर संपून पाईपाचा मूळ धातू सुरू होतो, त्या कडेवरून तो गेला होता. हा वेल्ड पाईपाच्या खालच्या अंगावरून आडवा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढलेला होता.

ट्रेलर दोन जागी टेकलेला असतो, पुढे हुकावर आणि मागे चाकांवर. ओझं मधे असतं. मधे भार दिलेली फळी खाली वाकते तेव्हा तिचा वरचा थर दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. दांड्याचंही तसंच होतं. त्यामुळे खालचं अंग हीच त्याची ताणाची बाजू, आणि पुढच्या आडव्या पाईपाशी हा ताण सर्वांत जास्त. त्याच जागी, ताणाला काटकोनात वेल्ड ओढला की त्याच्या कडेची बारीक खाच आणि तापून बदललेला धातू मिळून तडा सुरू व्हायला हवी तशी जागा तयार होते. प्रत्येक खड्ड्यागणिक ती खाच केसभर उघडते आणि मिटते. पोलाद अशा थकव्याने तुटतं, एका मोठ्या धक्क्याची वाट पाहत नाही.

मी दोन वर्षांपूर्वी जे केलं त्याचा अर्थ आता कळतो. जुना तडा मुळापासून कोरून न काढता वरून थर दिला, त्यामुळे तडा आत तसाच राहिला. शिवाय नवा थर रुंद केला, म्हणजे आडवी कड आणखी पुढे सरकवली. या वेळचा तडा त्या नव्या कडेवरच आला आहे.

पाईपाची जाडीही तपासायची होती. हातोडीने ठोकल्यावर खालच्या बाजूचा आवाज बद्द येत होता. खालच्या अंगाला ५ मि.मी.चं भोक पाडलं, तर आतून तपकिरी पाणी आणि गंजाचा चुरा बाहेर पडला. वाकवलेल्या तारेने मोजलं तेव्हा ३ मि.मी.ची जाडी कुठे २.१, कुठे १.८ भरली. पाईपाचं मागचं टोक उघडं होतं. होडी उतरवताना पाणी तिथून आत शिरायचं आणि बाहेर जायला वाट नव्हती. या पाईपावर वेल्ड करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

वजन

आता खट्‌खट् आणि शेपटीचं हलणं याकडे वळलो. मोठ्या वजनकाट्यावर होडीसकट ट्रेलर ७७० किलो भरला. मग सपाट जमिनीवर ट्रेलर आडव्या पातळीत ठेवला, कपलर हुकाच्या उंचीवर आणला आणि त्याखाली लाकडाचा ठोकळा घेऊन घरातला वजनकाटा ठेवला. काट्याने २२ किलो दाखवले.

एकूण वजनाच्या ते २.९ टक्के होतात. होडीच्या ट्रेलरला हुकावर साधारण ५ ते १० टक्के भार असावा लागतो. जुन्या इंजिनाचा हिशेब मागे जाऊन केला. एक्सलपासून इंजिन १.९ मीटर मागे आणि हूक ३.४ मीटर पुढे आहे. मागे वाढलेल्या ३७ किलोंनी हुकावरचा भार ३७ × १.९ ÷ ३.४, म्हणजे जवळजवळ २१ किलोंनी कमी केला. आधी तिथे ४३ किलो होते, तेव्हाच्या वजनाच्या ६ टक्क्यांच्या आसपास. ट्रेलर तेव्हा शांत का चालायचा आणि इंजिन बदलल्यावर का बिघडला, याचं उत्तर या एका गुणाकार-भागाकारात होतं. हा हिशेब तीन वर्षं आधी करायला हवा होता, याची मला मनापासून खंत आहे, कारण त्या काळात माझ्या गाडीत घरची माणसं बसलेली असायची.

हुकावरचा भार कमी पडला की ट्रेलरचा गुरुत्वमध्य एक्सलच्या फार जवळ येतो. मग वाऱ्याचा झोत किंवा शेजारून गेलेला ट्रक त्याला जरा ढकलून गेला तरी तो डोलायला लागतो. कमी वेगात हे डोलणं आपोआप विरतं. वेग वाढत जातो तसं ते विरायला वेळ लागतो, आणि एका वेगापुढे विरण्याऐवजी वाढायला लागतं. माझ्या ट्रेलरसाठी तो वेग ६५ च्या जवळ आला होता. असं डोलणं सुरू झालंच तर पाय हळू उचलून वेग कमी होऊ द्यायचा असतो. स्टीअरिंगने उलटसुलट सावरायला गेलं तर ते वाढतं.

खट्‌खट् आवाजही याच्याच पोटातला. २२ किलो इतका थोडा भार असला की खड्ड्यावर कपलर हुकाच्या गोळ्यावरून उचलला जातो आणि परत आपटतो. म्हणजे दांड्याला नुसतं वाकणं नव्हतं, मधेमधे हातोडीचे घावही होते.

दांड्याचा हिशेब

नवा दांडा कुठल्या मापाचा घ्यायचा? डोळ्यांनी ठरवता आलं असतं, पण या वेळी कागद घेतला.

हुकावर ५४ किलो, म्हणजे ७ टक्के भार ठेवायचा असं धरलं. हुकापासून पुढच्या आडव्या पाईपापर्यंतचं अंतर १.३ मीटर. तिथलं वाकवणारं बळ येतं ५४ × ९.८१ × १.३, साधारण ६९० न्यूटन-मीटर. रस्त्यावरच्या धक्क्यांसाठी ते तिप्पट धरायचं, हा माझा ठोकताळा.

गंजून २ मि.मी. उरलेल्या ६० च्या पाईपात याने दर चौरस मिलिमीटरला ७९ न्यूटन ताण येतो, आणि धक्क्याला २३८. साधं पोलाद २५० च्या आसपास कायमचं वाकायला लागतं. म्हणजे हुकावरचा भार दुरुस्त करून तोच दांडा ठेवला असता, तर तो आणखी लवकर गेला असता. ७५ × ७५ मि.मी.च्या ४ मि.मी. जाड पाईपात हाच ताण २७ आणि धक्क्याला ८१ येतो. वजन दांड्याच्या २.६ मीटर लांबीत फक्त ९ किलोंनी वाढतं. माप ठरलं.

यात एक बारकावा आहे. जुन्या दांड्यावर प्रत्यक्षात २२ किलोच भार होता आणि ताण जेमतेम ३२ न्यूटन. नुसत्या भाराने तो तुटायचं कारण नव्हतं. त्याला तोडलं ते आडव्या वेल्डने, आतल्या गंजाने आणि कपलरच्या आपटण्याने. म्हणून जाड पाईप आणून त्यावर पुन्हा तसाच आडवा वेल्ड मारला असता, तर तड्याची तारीख फक्त पुढे गेली असती. जास्त मजबूत जातीचं पोलाद घेऊनही भागत नाही. वेल्डच्या कडेची थकव्याला तोंड देण्याची ताकद मूळ धातूच्या ताकदीसोबत वाढत नाही.

एक्सल की होडी

हुकावरचा भार वाढवायचे दोन रस्ते होते. विंचचा, म्हणजे होडी ओढून धरणाऱ्या चरखीचा, खांब पुढे नेऊन होडीच पुढे ओढायची, किंवा एक्सल मागे न्यायचा. पहिला सोपा वाटला. ५६० किलोची होडी १९-२० सें.मी. पुढे गेली की काम झालं. पण होडीचा तळ आणि पुढचा आडवा पाईप यांच्यात २५ मि.मी.च फट होती. होडी पुढे सरकली की त्या पाईपावर तिचा जास्त खोल भाग येतो आणि तळ पाईपावर टेकतो. फायबरच्या तळाला असा एका रेषेवरचा टेका चालत नाही. शिवाय होडीची मागची फळी आता बंकांच्या, म्हणजे तळाखालच्या लाकडी आधारांच्या, टोकाशी बरोबर जुळलेली होती. इंजिनाचा सगळा भार त्या फळीवर असतो, तिची जागा मला हलवायची नव्हती.

एक्सल किती मागे न्यायचा ते काढताना एक चूक होता होता राहिली. चाकं, एक्सल आणि पाटे मिळून ७० किलो आहेत आणि ते एक्सलसोबतच सरकतात, म्हणून ते वजा करून ७०० किलोंवर हिशेब करायचा असतो. उत्तर आलं १७० मि.मी.

कामाला सुरुवात

होडी उतरवून दूर नेली, पेट्रोलची टाकी आणि बॅटरी तिच्यासोबतच. ट्रेलरच्या दिव्यांच्या वायरी सोडवल्या. चाकं आणि एक्सल काढला आणि चौकट उलटी करून घोड्यांवर, म्हणजे टेकणीच्या स्टँडवर, ठेवली. उलटं करण्यात अर्धा दिवस गेला, पण त्यामुळे जवळजवळ सगळे वेल्ड वरून खाली बघत करता आले. डोक्यावर हात धरून केलेल्या माझ्या वेल्डवर माझा भरवसा नाही. मशीनची अर्थिंगची पकड दर वेळी वेल्डच्या शेजारीच लावली. ती लांब कुठेतरी लावली आणि मधे चाकाचं बेअरिंग आलं, तर करंट बेअरिंगमधून जातो आणि त्याच्या गोट्यांवर बारीक खड्डे पाडतो.

धातू पुसायला ब्रेक क्लीनर वापरू नका. यात क्लोरीन असलेलं द्रव्य असेल तर वेल्डिंगच्या ज्योतीत त्याचा फॉस्जीन वायू होतो आणि तो जीव घेऊ शकतो. मी ॲसिटोन वापरतो, आणि ते पूर्ण उडून गेल्याशिवाय रॉड टेकवत नाही.

जस्ताच्या बाबतीत मात्र माझी चूक झाली. जस्त ९०७ अंशाला उकळतं आणि पोलाद वितळायला १५०० च्या आसपास जावं लागतं. म्हणजे वेल्डखाली जस्त असेल तर ते धूर होऊन निघणारच. म्हणून आडव्या पाईपावर वेल्डच्या दोन्ही बाजूंना ५० मि.मी. जस्त घासून काढलं होतं. पण पाईपाच्या आतल्या अंगालाही जस्त असतं आणि तिथे ग्राइंडर पोचत नाही. पहिला वेल्ड ओढताना पाईपाच्या उघड्या टोकातून पांढरा धूर आला. वर्कशॉपचं शटर उघडं होतं, तेवढं पुरेल असं वाटलं आणि मी मास्क न लावता आणखी दोन वेल्ड ओढले. संध्याकाळी तोंडाला गोडसर, धातूची चव आली, रात्री हुडहुडी भरून ताप चढला, सांधे दुखले. हा जस्ताच्या धुराचा ताप. तो काही तासांनी येतो आणि बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. माझा दुसऱ्या दिवशी दुपारी उतरला. छाती भरून आली असती किंवा श्वास लागला असता, तर डॉक्टरकडे जायलाच हवं होतं. दूध प्यायल्याने हा धूर बाधत नाही असं वेल्डिंग करणाऱ्यांत सांगतात, त्यात तथ्य नाही. पुढचे वेल्ड धुराचा फिल्टर असलेला मास्क लावून आणि धूर बाहेर ओढणारा पंखा पाईपाच्या तोंडाशी ठेवून केले. त्या पहिल्या तीन वेल्डमध्ये जस्ताच्या वाफेने बारीक छिद्रंही पडली होती. ते घासून पुन्हा करावे लागले.

आधी तुकड्यावर

दांड्याच्या पाईपाचा उरलेला तुकडा आणि ६ मि.मी.च्या प्लेटचा तुकडा घेऊन आधी त्यावर वेल्ड केला. रॉड ७०१८ या जातीचे, २.५ मि.मी.चे, डीसी मशीनच्या पॉझिटिव्हला. हे रॉड कोरडे लागतात. दमट रॉडमधला हायड्रोजन वेल्डमध्ये शिरून नंतर तडे पाडू शकतो. माझ्याकडचं उघडं पाकीट किती दिवस तसंच पडलं होतं ते आठवेना, म्हणून ते बाजूला ठेवून नवं सीलबंद पाकीट फोडलं.

पहिला तुकडा ७० अँपिअरवर केला. थर दिसायला छान होता, फुगीर आणि एकसारखा. व्हाइसमध्ये धरून हातोडी मारली तर तिसऱ्या घावाला तो प्लेटवरून सोलल्यासारखा निघाला. खाली प्लेटवर घासल्याच्या रेघा जशाच्या तशा होत्या. वेल्ड प्लेटमध्ये शिरलाच नव्हता, तिच्यावर नुसता बसला होता. ९० अँपिअरवर थर चपटा आला. हातोडीने पाईपाची भिंत वाकली, पण वेल्ड सुटला नाही. चौथ्या तुकड्यापर्यंत हात बसला. हे तुकडे मोडून पाहिले नसते, तर ७० अँपिअरचा तो देखणा थर मी दांड्यावर ओढला असता.

सांधा

नव्या सांध्यात एकच गोष्ट पाळायची होती. दांड्याच्या खालच्या अंगाला वेल्ड लावायचा नाही.

पुढच्या आडव्या पाईपाला ६ मि.मी. जाड, १६० मि.मी. लांब अशा दोन प्लेटी कानांसारख्या खाली सोडल्या. दांडा त्यांच्या मधे, आडव्या पाईपाला टेकून बसतो. कान दांड्याच्या बाजूंवर निम्म्या उंचीपर्यंत येतात आणि वेल्ड फक्त त्यांच्या खालच्या कडेने, दांड्याच्या लांबीच्या दिशेने जातो. ही रेषा पाईपाच्या बरोबर मध्यावर येते. तिथे वाकण्याने ना ताण येतो ना दाब. दोन्ही टोकांना २०-२० मि.मी. सोडून वेल्ड थांबवला, कानांच्या उभ्या कडा मोकळ्या ठेवल्या. थराची बाजू ४ मि.मी., पातळ भिंतीच्या जाडीइतकी. याहून जाड थराने फक्त उष्णता वाढते. चालताना दांडा आडव्या पाईपावर वर दाबला जातो, त्यामुळे या वेल्डवर त्याच्या ताकदीच्या मानाने फारच थोडा भार येतो. दांड्याचं मागचं टोक दुसऱ्या आडव्या पाईपाला प्लेट आणि १२ मि.मी.च्या यू-बोल्टने बांधलं. तिथे वेल्ड नाही.

टॅक, म्हणजे जागेवर धरून ठेवणारे छोटे वेल्ड, मारून झाल्यावर दोरी बांधून दांडा मध्यरेषेवर असल्याची खात्री केली. मग डाव्या कानाचा पूर्ण थर एकदम ओढला, आणि ही चूक ठरली. थंड होताना वेल्ड आकसतो आणि सांध्याला आपल्याकडे ओढतो. दांड्याचं टोक ६ मि.मी. डावीकडे गेलं. उजव्या बाजूला थर दिल्यावर ते परत आलं, पण २ मि.मी. फरक राहिला. ४० मि.मी.चे तुकडे आलटूनपालटून दोन्ही बाजूंना टाकले असते तर तोही राहिला नसता. २ मि.मी. एक्सल लावताना जुळवून घेता आले.

कपलर ६० च्या पाईपाचा होता, त्यामुळे ७५ चा नवा घेतला. त्याचे बोल्ट पाईपातून आरपार जातात, म्हणून आत नळीचे तुकडे घातले. नाहीतर बोल्ट आवळताना पाईपाच्या भिंतीच आत दबतात.

एक्सल मागे

स्प्रिंगच्या जुन्या पकडी बाजूच्या पाईपांना वेल्ड केलेल्या होत्या. त्या कापल्या, पण नव्या जागी वेल्ड केल्या नाहीत. ६५ × ६५ × ६ च्या अँगलचे दोन तुकडे घेऊन नव्या पकडी त्यांना टेबलावर वेल्ड केल्या आणि हे अँगल बाजूच्या पाईपांना यू-बोल्टने धरले. यात जस्ताचा प्रश्न आला नाही, बाजूच्या पाईपांना भोकंही पाडावी लागली नाहीत. आणि पुढे पुन्हा काही बदललं तर एक्सल सरकवता येईल. या कामात मला सर्वांत समाधान देणारा निर्णय हाच आहे. एक्सलच्या पाईपाला मात्र कधीही वेल्डिंगची झळ लावू नये. एका बाजूच्या उष्णतेनेही तो वाकतो आणि चाकं तिरकी होतात.

कपलरच्या मध्यापासून एक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत टेप ताणून अंतरं मोजली. आधी फरक ९ मि.मी. होता, यू-बोल्ट सैल करून सरकवत तो १ मि.मी.वर आणला. हा फरक राहिला तर ट्रेलर गाडीमागे तिरका चालतो आणि टायर एका बाजूने झिजतात.

चाकं लावल्यावर लक्षात आलं की मडगार्ड जुन्याच जागी आहेत. मागे सरकलेला टायर मडगार्डच्या कडेला घासत होता. मडगार्डच्या पट्ट्याही १७० मि.मी. मागे घ्याव्या लागल्या. हे कागदावर कुठेच नव्हतं.

रंगकाम पटकन सांगतो. वेल्डवरची खपली आणि उडालेले थेंब पूर्ण काढले, उघड्या धातूवर जस्ताचं प्रमाण जास्त असलेला प्रायमर दोनदा दिला. दांड्याच्या तळाला, सांध्यापासून लांब, पाणी निघायला १० मि.मी.ची दोन भोकं ठेवली. पाईप दोन्ही टोकांना बंद करून टाकावा असं आधी वाटलं होतं. पण बारीक फटीतून पाणी आत जातंच, मग ते तिथेच अडकून राहतं. आता होडी उतरवून आल्यावर नळीने दांड्यातून गोडं पाणी सोडतो.

चाचणी

होडी चढवली आणि तोच घरातला काटा कपलरखाली ठेवला. ५६ किलो. नव्या पोलादासकट एकूण वजन ७८५ च्या आसपास आहे, म्हणजे ७.१ टक्के. हिशेब ५४ चा होता. जास्तीच्या दोन किलोंचं कारण जाड दांडा असावा.

ट्रेलरला जिथे नोंदणी लागते तिथे चौकटीतल्या अशा बदलाची तपासणीही लागू शकते. ते काम सुरू करण्याआधी विचारून घ्यावं. माझ्याकडची तपासणी झाल्यावरच ट्रेलर रस्त्यावर आणला.

रिकाम्या सरळ रस्त्यावर ४०, ५०, ६० असा वेग वाढवत गेलो, प्रत्येक टप्प्यावर थांबून हबला, म्हणजे चाकाच्या बेअरिंग असलेल्या मधल्या भागाला, हात लावला आणि नट तपासले. ६५ ला हात स्टीअरिंगवर आपोआप घट्ट झाले. ट्रेलर सरळ मागे येत राहिला. ८० पर्यंत गेलो. खडबडीत पट्ट्यावर मुद्दाम हळू नेला, खट्‌खट् नव्हती.

होडी पाण्यात उतरवताना एक फरक जाणवतो. चाकं मागे गेल्यामुळे होडी तरंगेपर्यंत ती आधीपेक्षा जरा जास्त खोल पाण्यात जातात. लांबच्या प्रवासानंतर हब गार होईपर्यंत थांबणं त्यामुळे आणखी महत्त्वाचं झालं आहे. गरम हब पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी बेअरिंगमध्ये ओढलं जातं.

१०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळले. आठपैकी तीन पाव फेरी फिरले. सहा महिन्यांनी दांड्याखालचा रंग सांध्यापाशी तळहाताएवढा खरवडून काढला, लाल द्रव मारला, पंधरा मिनिटं थांबलो आणि वर पांढरा थर दिला. तो पांढराच राहिला. खरवडलेल्या जागी प्रायमर लावून पुढच्या तपासणीची तारीख कानाच्या प्लेटवर खडूने लिहून ठेवली आहे.